घराच्या कागदावर तुमचं नाव कुठे आहे?

यंदाच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला पंचवीसेक जणी आल्या होत्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि एरवी सुनांवर नाहीतर साड्यांवर घसरणारी गाडी या वेळी घसरली ती प्लॉटवर. एकीने पंढरपूर रस्त्याला दोन गुंठे घेतले होते. दुसरीचं सोलापुरात फ्लॅट बघणं चाललं होतं. तिसरीच्या घरात सासऱ्यांच्या मागे जुनं घर विकायचं घाटत होतं. मी आपलं सहज विचारलं, "कागद पाहिलेत का गं कुणी?" आणि मैत्रिणींनो, खोटं नाही सांगत, तिघींनीही एकच उत्तर दिलं, "ते सगळं ह्यांच्याकडे असतं."

फरशी कुठली बसवायची ते आपण ठरवायचं, ओटा किती उंच हवा ते आपण सांगायचं, हप्त्यासाठी भिशीचे पैसे आपण काढून द्यायचे. आणि कागद मात्र ह्यांच्याकडे! मीही त्यातलीच होते. मी वकील नाही, तलाठ्याची बायकोही नाही. पण गेल्या काही वर्षांत एक घर घेतलं, माहेरचं एक विकलं, आणि दोन्ही वेळा ठेच लागली. म्हणून त्या दिवशी निघालेले प्रश्न इथे मांडते. तुमच्या गावातही हेच प्रश्न असतील.

आमचं मोहोळ तालुक्याचं गाव. पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग इथून जातो, पंढरपूरकडून येणारा पालखी मार्ग इथेच येऊन मिळतो, आणि रेल्वे स्टेशन आहेच. सोलापूर पस्तीसेक किलोमीटर. मधे चिंचोळीची एमआयडीसी. नवऱ्याची नोकरी तिकडे आणि संसार मोहोळात अशी कितीतरी घरं आहेत. सोलापुरात जागा परवडत नाही म्हणून लोक इकडे सरकतात, आणि खेड्यातले लोक मुलांच्या शाळेसाठी मोहोळला येतात. मग रस्त्याकडेच्या रानात चुन्याच्या रेघा मारल्या जातात, चार दगड पुरले जातात, एक कमान उभी राहते आणि ज्वारीच्या रानाची 'नगरी' होते.

त्या पंढरपूर रस्त्यावरच्या दोन गुंठ्यांपासूनच सुरुवात करू. कागद काय झाला म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "स्टँपपेपर आहे की, नोटरी केलाय." पैसे पूर्ण दिलेले. एजंट म्हणाला होता, तुकडेबंदी उठली की खरेदी करून देतो. मी तिला म्हटलं, बाई, तू अजून जागा घेतलेलीच नाहीस. तुझ्याकडे आहे तो फक्त शब्द, शिक्का मारलेला.

हे नीट समजून घ्या. शेतजमिनीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ पासून आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ मध्ये जवळजवळ साऱ्या राज्यासाठी ठरलेली मर्यादा अशी की जिरायत असेल तर वीस गुंठे आणि बागायत असेल तर दहा गुंठे, त्याहून लहान तुकड्याची खरेदी होत नाही. मग लोक काय करतात? नोटरी करतात, कुलमुखत्यारपत्र करतात, किंवा पाचदहा जण मिळून एकत्र खरेदी करतात आणि आपापसांत वाटून घेतात. २०२५ मध्ये शासनाने यात मोठी मोकळीक दिली. नगरपरिषदेच्या हद्दीतले आणि रहिवासी म्हणून ठरलेल्या भागातले १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे असे व्यवहार नियमित करून घेण्याची वाट उघडली. पण म्हणून नोटरीचा कागद आपोआप खरेदीखत होत नाही. आपला गट त्यात बसतो का हे तहसील कचेरीत विचारायचं, आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्यायचं. सात-बारावर अजून त्या शेतकऱ्याचंच नाव असेल आणि उद्या तो गेला, तर त्याच्या पोरांची वारस म्हणून नोंद लागते. त्या पोरांनी तुमच्याकडून काय पैसे घेतलेले असतात? बापाने केलेला व्यवहार ती मानतीलच, याची काय खात्री?

साठेखत, इसार पावती, खरेदीखत हे तीन शब्द तर आपण जिरे-मोहरीसारखे ओळखायला हवेत. इसार पावती म्हणजे आगाऊ रक्कम दिल्याचा कागद. साठेखत म्हणजे 'विकीन' असं वचन. खरेदीखत म्हणजे 'विकलं'. घर तुमचं होतं ते तिसऱ्या कागदाने, आणि तोही सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदवावा लागतो. नोंदणीची फी किमतीच्या एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. मुद्रांक शुल्क वेगळं. दलाल "सगळं मिळून एवढं" असा आकडा सांगतो, त्यात काय काय आहे ते कागदावर फोड करून मागा. किराणा दुकानदाराकडून आपण दोन रुपयांचा हिशेब मागतो, मग इथेच कसली भीड?

दुसरा प्रश्न हमखास येतो. "घरपट्टी आमच्याच नावाने येते, मग घर आमचंच ना?" नाही हो! घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, लाइटबिल या सगळ्यांवरून कर कोण भरतं, वीज कोण वापरतं एवढंच कळतं. मालकीसाठी रान असेल तर सात-बारा, आणि सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक, म्हणजे ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते. खेड्यांतल्या गावठाणात पूर्वी असा उतारा पुष्कळ ठिकाणी नसायचाच. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून ही कार्डं द्यायला सुरुवात झाली. तुमच्या सासरच्या खेड्यात मोजणी झाली असेल तर कार्डावर नाव नीट लागलंय का ते आत्ताच बघून घ्या. चुलतभावकीत भिंत एक आणि नावं दोन असली की पुढे वाद ठरलेला.

सात-बारा आता घरबसल्या मिळतो. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत. मुलाला मोबाइलवर काढायला सांगा, पण वाचा मात्र स्वतः. भोगवटादाराच्या नावापाशी 'वर्ग १' लिहिलंय की 'वर्ग २' ते पाहा. वर्ग २ असेल तर बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. आपल्या जिल्ह्यात उजनी धरणामुळे उठलेल्या माणसांना पुनर्वसनात जमिनी मिळाल्या, इनामाच्या जमिनी आहेत, तिथे हा प्रश्न हटकून येतो. मग 'इतर हक्क' या रकान्यात या. खरी गंमत तिथे असते. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, बहिणींची नावं, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथे लपून बसलेलं असतं. आमच्या घराच्या वेळी आम्ही हाच रकाना वाचला नाही. आधीच्या मालकाने कर्ज फेडलं होतं, पण बोजा उतरवला नव्हता. तो कमी करून घ्यायला चौदा महिने गेले. ह्यांच्या चपला झिजल्या त्या झिजल्या, पण घरात रोज त्या विषयावर जे बोलणं व्हायचं त्याने माझं डोकं झिजलं! चार पैसे वकिलाला दिले असते आणि मागच्या तीस वर्षांचा शोध घेऊन घेतला असता तर हे टळलं असतं.

प्लॉट असेल तर आणखी दोन कागद मागा. बिनशेतीचा आणि मंजूर रेखांकनाचा. रेखांकन 'तात्पुरतं मंजूर' असेल तर अंतिम कधी होणार ते विचारा. त्या नकाशात बाग म्हणून दाखवलेला कोपरा एखाद्याला प्लॉट म्हणून विकलेला नाही ना, हेही बघा. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीचे आठहून जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील, तर २०१७ पासून महारेराकडे नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक जाहिरातीवरच छापलेला असतो. नसेल तर विचारा. एजंट विषय बदलायला लागला की समजायचं.

गुंठ्याचंही असंच. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. बाजारात मात्र पुष्कळदा हजार फुटांनाच गुंठा म्हणून विकतात, आणि त्यातच निम्मा रस्ता मोजलेला असतो. खरेदीखतात लांबी, रुंदी आणि चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे लिहिलेलं असतं. ते वाचा आणि मग टेप घेऊन जागेवर उभ्या राहा. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी मागता येते.

जागेवर जाण्याबद्दल मला जरा जास्तच सांगायचंय, कारण इथे आपलं डोकं पुरुषांपेक्षा बरं चालतं. एजंट तुम्हाला नेतो ते उन्हाळ्यात, सकाळी, गाडीतून. तुम्ही जा पावसाळ्यात, संध्याकाळी, पायी. आपल्याकडची काळी माती म्हणजे मोठी लहरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. पाया वरच्या मातीतच सोडला तर घराच्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात. तयार घर बघायला गेलात तर दारांच्या आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा गेल्यात का ते पाहा. नुकताच रंग दिला असेल तर दुप्पट बारकाईने! गवंडी कोण होता ते विचारा, आणि मुरूम किती फुटांवर लागला तेही विचारा. ज्याला हे सांगता येत नाही त्याने घर बांधताना पाहिलेलंच नाही.

पाण्याचं तर काय सांगावं. नळाला किती दिवसांआड पाणी येतं, बोअरचं पाणी जड आहे का, डाळ शिजते का, हे एजंटाला विचारू नका. शेजारच्या दारात रांगोळी काढत असलेल्या बाईला विचारा. ती सांडपाणी कुठे जातं, रात्री दिवे असतात का, आधीचे भाडेकरू का गेले, सगळं सांगेल. फक्त तिच्याशी चहाच्या कपाएवढा वेळ बोला. आणि पुराचंही विचारा. आपला भाग दुष्काळी म्हणून आपण निर्धास्त असतो. पण २०२५ च्या सप्टेंबरात सीना अशी फुगली की लांबोटीपाशी महामार्ग बंद ठेवावा लागला आणि नदीकाठच्या गावांत घरांत पाणी शिरलं. ओढ्याकाठचा प्लॉट स्वस्त मिळतोय म्हणजे तो उगीच स्वस्त नसतो.

आता पैशांचं. "काही चेकने, काही रोख" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. घरजमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला २०१५ पासून आयकराची मनाई आहे. शिवाय कागदावर किंमत कमी दाखवली आणि व्यवहार फिसकटला, तर रोख दिलेले परत मागणार कशाच्या जोरावर? आपल्या बांगड्या मोडून उभे केलेले पैसे तरी चेकनेच जाऊ द्या.

आणि आता तो प्रश्न, ज्यावरून हळदीकुंकवाला एकदम शांतता पसरली. घर कुणाच्या नावावर घ्यायचं?

आम्ही २०२२ मध्ये बैठं घर घेतलं तेव्हा ह्यांनी आधी स्वतःच्याच नावाने कागद करायला दिले होते. त्यात वाईट हेतू काही नव्हता. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं, एवढंच. वकीलच म्हणाले, वहिनींच्या एकटीच्या नावाने घ्या, एक टक्का मुद्रांक शुल्क वाचेल. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून ही सवलत आहे. राहतं घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर मिळते. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की मिळत नाही. तेव्हा अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये ती अट काढली. हे म्हणाले, "एका टक्क्यासाठी एवढं?" मी म्हटलं, पंचवीस लाखांच्या घरावर पंचवीस हजार होतात, तेवढ्यात माझा ओटा आणि कपाट निघेल. हसले आणि हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला ओटा नकोच होता. मला नाव हवं होतं. पण ते तसं मागायला जीभ रेटली नाही, म्हणून ओट्याचं निमित्त केलं.

नाव लागलं की घराबरोबर जबाबदारीही येते, हे मात्र विसरू नका. कर्जाच्या कागदांवर सही केली असेल तर हप्ता थकल्यावर नोटीस तुमच्या नावानेही येते. एका ओळखीच्या बाईने दिराच्या धंद्यासाठी आपल्या नावावरचं घर तारण ठेवायच्या कागदावर सही केली. कागद कसला हेही विचारलं नाही, कारण पोळ्या चालल्या होत्या. हात धुवून, चष्मा लावून, बसून वाचल्याशिवाय सही करायची नाही. पोळी करपली तर दुसरी लाटता येते.

आणि घर आधीच नवऱ्याच्या नावावर असेल तर? खेड्यातल्या घरांसाठी शासनाने २००३ मध्येच सांगितलंय की ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवराबायको दोघांची नावं लावावीत. त्याआधी १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजनेत सात-बारावर बायकोचं नाव लावायची सोय झाली. शेतकरी संघटनेने ती चळवळ गावोगाव नेली होती. किती घरांत हे झालंय, तुमच्या घरात झालंय का, ते आज संध्याकाळी विचारून बघा.

विकायचं ठरलं की गोष्ट आणखी अवघड होते, कारण तिथे माहेर येतं. आमचं माहेरचं घर माळवदाचं, जुन्या गावातलं. वडील गेले तेव्हा घरात आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. श्रावणात मी राखी बांधायला गेले, जेवणं झाली, आणि दादाने एक टाइप केलेला कागद पुढे केला. "अक्का, एवढी सही." हक्कसोडपत्र होतं. त्यात लिहिलं होतं की मला माझ्या हिश्शाचा मोबदला मिळाला असून आता काही तक्रार नाही. मोबदला म्हणून मला त्या दिवशी पुरणपोळी मिळाली होती.

बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून आहे, जर त्याने मृत्युपत्र केलं नसेल तर. वाडवडिलार्जित घराच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली सुटल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्या आल्या. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री उकरता येत नाही. हे हिंदू कायद्याचं झालं. बाकीच्यांचे नियम वेगळे, ते वकिलाला विचारावेत.

मी दादाला त्या दिवशी सही दिली नाही. नाही म्हणजे भांडणही केलं नाही. म्हटलं, वाचते आणि सांगते. वहिनीचं तोंड उतरलं. आईने रात्री मला वेगळं बोलावून म्हटलं, "कशाला गं, एकच भाऊ आहे." ती रात्र मला अजून आठवते. पैशाचा मोह नव्हता हो. पण घर विकल्यावर आई कुठे राहणार, हे त्या कागदात कुठेच नव्हतं. तिचंही हक्कसोड घेतलं होतं, अंगठ्याची जागा सोडून.

शेवटी आम्ही दोघी बहिणींनी ठरवलं की सोड नाही, विक्री सगळ्यांनी मिळून करायची. चौघांच्या सह्या, चौघांच्या नावाने चार चेक. मग आम्हाला वाटलं तर आम्ही आमच्यातलं दादाला देऊ, पण आईचं आईलाच. दादा पंधरा दिवस बोलला नाही. नंतर बोलला. सगळीकडे असंच गोड होईल असं मी म्हणणार नाही. एका मैत्रिणीचं माहेर यातच तुटलंय.

विकताना आम्ही जे शिकलो ते थोडक्यात. सरकारी दरतक्त्यातला भाव म्हणजे बाजारभाव नव्हे, तो मुद्रांकासाठी असतो. आसपास नुकत्याच झालेल्या दोन विक्रींचा भाव काढा. मूळ कागद दलालाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. पूर्ण पैसे खात्यावर आल्याशिवाय किल्ली नाही. आणि नफ्यावर कर लागतो का, तो दुसऱ्या घरात गुंतवून वाचतो का, हे विकण्याआधी विचारा. विकल्यावर विचारून फायदा नसतो, आम्ही विकल्यावर विचारलं.

नोंदणीच्या दिवशी आईला घेऊन गेलो. तिथे आता कॅमेऱ्यात फोटो काढतात, मशीनवर अंगठा घेतात. आईने पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे बघितलं. समोरच्याने रीतीप्रमाणे विचारलं, "आजी, राजीखुशीने देताय ना?"

आई म्हणाली, "राजीखुशीने घर कोण विकतं रे बाबा? पण माझा चेक मला मिळालाय. तसं लिही."

परत येताना तिने रिक्षा बँकेपाशी थांबवायला लावली. पासबुक भरून घ्यायचं होतं.